दम नाही म्हणण्याआधी: हरवलेल्या बोलरकडे कसं बघावं

मी स्कोअरर आहे. तेवीस वर्षं आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क, माटुंग्याचं दडकर मैदान असं फिरत वह्या भरतेय. चार रंगांची पेनं, एक फूटपट्टी, पाण्याची बाटली आणि वाऱ्याने पान उडू नये म्हणून कपडे वाळत घालायचे दोन चिमटे, एवढा माझा मैदानावरचा संसार. स्कोअररला मत नसतं, असं पहिल्याच सामन्यात एका वयस्कर अंपायरने मला बजावलं होतं. मत नसलं तरी कान असतात. टेबलामागच्या खुर्च्यांवर जी मतं पडतात ती ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसतं.

या मोसमात त्या खुर्च्यांना एकच विषय पुरलाय. एस. वाय. बी. कॉम.चा मुलगा, उजव्या हाताने फास्ट टाकतो, राहायला बदलापूर. गेल्या वर्षी त्याने कॉलेजला जवळजवळ एकट्याने सेमीफायनलपर्यंत ओढत नेलं. या वर्षी चेंडू कुठे पडणार ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. खुर्च्यांमध्ये दोन पक्ष आहेत. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, कांगा लीग या क्लबांच्या स्पर्धेत खालच्या बी डिव्हिजनला खेळलेले, म्हणतात ॲक्शन (चेंडू टाकायची पद्धत) बिघडली, डावा खांदा लवकर उघडतो, म्हणजे चेंडू सुटायच्या आधीच बाजूला वळतो. दुसरे त्याच टीममधल्या एका ऑलराउंडरचे वडील. त्यांचं म्हणणं, ॲक्शन-बिक्शन काही नाही, पोरात दम नाही. एक चौकार बसला की मान खाली जाते. "तुम्ही कधी बॉल टाकलाय का?" असं काका विचारतात. "तुम्ही टाकलेत, म्हणून तर बी डिव्हिजनला राहिलात," असं उत्तर येतं. चहा येईपर्यंत हे चालतं आणि चहानंतर पुन्हा पहिल्यापासून.

मला मध्ये बोलता येत नाही, ओव्हर चालू असते. म्हणून इथे लिहिते. तुमचा मुलगा, पुतण्या, शेजारचं पोर किंवा नुसताच आवडता बोलर असा भरकटला असेल, तर बाहेर बसून काय बघायचं ते.

आधी खुर्ची सोडा. तंबू सावलीसाठी असतो, बघण्यासाठी नव्हे. जिथे झाड असेल तिथे तो ठोकलेला असतो आणि तिथून बोलर तिरका दिसतो. तिरकं बघणाऱ्याला कुणाचाही खांदा लवकर उघडलेला वाटेल. बोलर ज्या टोकाकडून टाकतोय त्या टोकाच्या पॉपिंग क्रीजच्या, म्हणजे स्टंपसमोरच्या आडव्या रेघेच्या, सरळ रेषेत, सीमारेषेबाहेर जाऊन उभे राहा. बोलर उजव्या हाताचा आणि बॅट्समनही उजवा असेल तर मिडऑनच्या बाजूला, म्हणजे चेंडू सोडायच्या आधी त्याची छाती तुमच्याकडे वळलेली दिसेल. दोन ओव्हर तिथून बघा, मग दोन ओव्हर त्याच्या बरोबर पाठीमागून. आझाद मैदानात हे करताना डोकं सांभाळा. तिथे २२ खेळपट्ट्या आहेत आणि आपण जिथे निवांत उभे असतो ती शेजारच्या सामन्यातल्या कुणा फील्डरची गली, म्हणजे उभं राहायची जागा, असते. माझ्या २०११ च्या वहीत एका पानावर गोल लाल ठसा आहे, तो शेजारच्या सामन्यात मारलेल्या पुल फटक्याचा.

आता यातलं सगळ्यात अवघड काम. एक अख्खी ओव्हर चेंडूकडे बघायचंच नाही. मला हे सामना चालू असताना जमत नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण रिकाम्या दिवशी मैदानावर गेले की मी तेच करते. चेंडू हातातून सुटला की बोलरचं काम झालेलं असतं. चूक असेल तर ती त्याआधीच, क्रीजपाशी होऊन गेलेली असते. तेव्हा पाय बघा. शेवटच्या चार-पाच पावलांत तो मोकळा येतोय की पावलं तोडतोय? पावलं तोडत येणाऱ्याची एक तर खूण चुकलेली असते, नाही तर त्याला तिथे पोचायचंच नसतं. मग उडी, मग मागचा पाय, मग पुढचा, म्हणजे उजव्या बोलरचा डावा.

या डाव्या पायावर मी थोडी रेंगाळणार आहे. तो जमिनीवर आदळतो तेव्हा अंगाच्या वजनाच्या पाच-सहा पट भार त्यावर येतो. पासष्ट किलोच्या पोराचा हिशोब तुम्हीच करा, आणि असं दिवसात शंभर वेळा. त्या क्षणी गुडघा बऱ्यापैकी ताठ राहिला तर धावण्यातला वेग वर चढतो, कमरेतून खांद्यात, खांद्यातून हातात. गुडघा मुडपला तर तो वेग तिथेच जिरतो, आणि मग बोलर कमी पडलेला जोर खांद्याने काढायला जातो. काकांना दिसणारा लवकर उघडणारा खांदा पुष्कळदा पायाची उधारी फेडत असतो. काकांचं बघणं चूक नाही. ते वरून खाली बघतात, बघायचं असतं खालून वर.

माझा भाचा अमेरिकेत ॲन आर्बरला शिकतो. त्यांच्या कॉलेजच्या फुटबॉल स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणसं बसतात, आणि चेंडू फेकणारा जो क्वार्टरबॅक असतो त्याचा नेम चुकायला लागला की तिथेही हेच दोन पक्ष पडतात: हात बिघडला की काळीज बिघडलं. तो म्हणाला, "मावशी, जाणकार लोक तिथेही पहिल्यांदा पायच बघायला सांगतात." मला बरं वाटलं. आमच्या सामन्याला मी मोजली तर अकरा माणसं आणि एक कुत्रा असतो.

पायानंतर जमीन बघा. हे टीव्हीवर क्रिकेट बघणाऱ्यांना सुचतच नाही, कारण टीव्हीवरची खेळपट्टी म्हणजे इस्त्रीची चादर. आपल्या मैदानांवर त्याच पट्टीवर सामन्यामागून सामना होतो. जिथे बोलरचा पुढचा पाय पडतो तिथे खड्डा होतो, माळीकाका सकाळी त्यात माती भरून ठोकतात, अकरा वाजेपर्यंत ती पुन्हा उकरलेली असते. चहापानाला अंपायरची परवानगी असेल तर जवळ जाऊन बघून या. खड्डा कुठे आहे, किती खोल आहे, बोलर त्यात पाय टाकतो की त्याला टाळून बाजूला टाकतो. बाजूला टाकला की अंग डावीकडे कलतं, डोकं पडतं आणि चेंडू लेग स्टंपच्या बाहेर. पुढे टाकला की नो-बॉल. पॉपिंग क्रीज स्टंपपासून चार फुटांवर असते आणि पायाचा काही भाग तिच्या मागे हवा. खड्डा नेमका तिथेच पडतो.

आता बदलापूरच्या मुलाचं सांगते. मागच्या महिन्यातल्या दोन दिवसांच्या सामन्यात त्याचे नऊ नो-बॉल झाले. संध्याकाळी ट्रेनमध्ये मी माझी स्वतःची वही चाळत होते (अधिकृत वही क्लबकडे जाते, माझी मी वेगळी ठेवते) तेव्हा दिसलं की नऊपैकी आठ एकाच टोकाकडून पडलेत, आणि खोल खड्डा त्याच टोकाला होता. तरीही मला पटेना. खड्डे गेल्या वर्षीही होते आणि त्यातूनच त्याने विकेट काढल्या होत्या. म्हणून मागची पानं उलटली. जुलै. कांगा लीग.

बाहेरगावच्या वाचकांसाठी: कांगा लीग ही डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची, १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी स्पर्धा. पाऊस थांबला की खेळायचं, पाय घसरू नये म्हणून रनअपवर लाकडाचा भुसा टाकायचा आणि देवाचं नाव घेऊन पळायचं. त्या सामन्याला मीच होते. पानावर त्याच्या नावापुढे ओव्हर लिहिलेत: ३.२. खाली त्याच ओव्हरचे उरलेले चार चेंडू दुसऱ्याच्या नावावर. म्हणजे चौथ्या ओव्हरच्या दुसऱ्या चेंडूनंतर तो गेला तो परत आलाच नाही. पान बघितल्यावर आठवलं. डावा पाय भुशावरून सरकला होता, घोटा आत वळला होता, दोन पोरांनी खांद्यावर हात घालून त्याला तंबूत आणलं होतं. क्लब वेगळा, तंबू वेगळा, त्यामुळे कॉलेजच्या खुर्च्यांवरच्या कुणालाच याचा पत्ता नाही. त्याने सांगितलंही नसणार. घोटा आता बरा आहे, तो लंगडत नाही. पण क्रीजपाशी आल्यावर पाय जमिनीला विचारून पडतो.

मग याला ॲक्शन बिघडली म्हणायचं की दम नाही म्हणायचं? मला विचाराल तर दोन्ही पक्ष एकाच घोट्याबद्दल भांडतायत. फरक इतकाच की एकाचं औषध माती आणि सराव, आणि दुसऱ्याच्या मते औषधच नाही. म्हणून अपूर्ण ओव्हर शोधा. मोसमाच्या सुरुवातीच्या वह्या, इतर क्लबचे सामने, जिथे बोलरच्या नावापुढे असं ३.२ किंवा ५.४ आहे आणि डाव मात्र पुढे चालू राहिलाय. त्यातलं कारण कधी पोटात कळ असते, कधी पायात गोळा, कधी कॅप्टनशी भांडण. विचारायला निदान एक तारीख मिळते.

दमाबद्दल मात्र नुसतं बोलायचं नाही, मोजायचं. साधी चाळीस पानी वही घ्या. आम्ही वाइडला अधिकचं चिन्ह करतो, नो-बॉलला गोल, धाव नसेल तर टिंब. तुम्ही फक्त एक जास्तीचं काम करा: चौकार किंवा षटकार बसला की त्याच्या पुढच्या चेंडूवर लाल रेघ मारा आणि तो कसा पडला ते एका अक्षरात लिहा. टप्प्यावर असेल तर ट, आखूड असेल तर आ, पायात असेल तर प, भलतीकडे असेल तर भ. तीन सामने झाल्यावर फक्त लाल रेघा वाचा. खरोखर हादरणारा बोलर तिथे दिसतो. मार बसल्यावर तो एक तर रागाने आखूड आपटतो, नाही तर भीतीने पायात टाकतो, आणि हे पुन्हा पुन्हा होतं.

आमच्या मुलाच्या लाल रेघा मी तीन सामन्यांच्या मोजल्या. अकरा होत्या. त्यातले सात ट. मान खाली जाते हे ऑलराउंडरच्या वडिलांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, पण मान खाली घालून तो खुणेपर्यंत चालत जातो आणि पुढचा चेंडू चांगला टाकतो. त्याचा घोळ होतो तो स्पेलच्या (सलग टाकायच्या ओव्हरच्या) पहिल्या ओव्हरला आणि टोक बदललं की, म्हणजे जमीन नवी असते तेव्हा. चेहऱ्यावरून काळीज वाचायची आपल्याला फार हौस. काही पोरांचा चेहराच रडका असतो, त्याला काय करणार.

अशी शिक्के मारायची सवय मुंबईला जुनी आहे. भारताचा फास्ट बोलर अजित आगरकर शिवाजी पार्कातला. १९९९-२००० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कसोटीत लागोपाठ पाच वेळा शून्यावर बाद झाला आणि त्याचं नाव पडलं बॉम्बे डक, म्हणजे आपला बोंबील. ते बॅटिंगचं होतं, पण चेष्टा काही खातं बघून होत नाही. पुढे वर्षानुवर्षं त्याने चेंडू वाइड टाकला तरी लोक बोंबील आठवून हसत. त्याच आगरकरने २००२ मध्ये लॉर्ड्सवर नाबाद १०९ केल्या, आणि डिसेंबर २००३ मध्ये ॲडलेडला दुसऱ्या डावात ४१ धावांत ६ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला १९६ मध्ये गुंडाळलं. ती कसोटी आपण जिंकलो. त्या दिवशी आमच्या चाळीत बोंबलाचं नाव कुणी काढलं नाही.

ॲक्शनवाल्यांसाठीही दोन गोष्टी सांगून ठेवते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतात, आणि तेही प्रेमाने. एक, इंग्लंडचा फास्ट बोलर जेम्स अँडरसन. चेंडू सोडताना त्याची नजर जमिनीकडे जायची, बॅट्समनकडे नाही. पुस्तकाच्या हिशोबाने चूकच. तरुणपणी त्याची ॲक्शन बदलायला घेतली, २००६ मध्ये पाठीला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, आणि शेवटी तो आपल्या जुन्या ॲक्शनकडे परत गेला. २०२४ मध्ये कसोटी खेळायचा थांबला तेव्हा खात्यावर ७०४ कसोटी बळी होते, आणि डोकं शेवटपर्यंत खालीच. दुसरा आपला डावखुरा फास्ट बोलर झहीर खान, श्रीरामपूरहून मुंबईत येऊन इथल्या मैदानांवर खेळलेला. २००६ मध्ये संघाबाहेर होता, वुस्टरशायरकडून कौंटी खेळायला गेला, रनअप आखूड केला आणि ढीगभर बळी घेऊन परत आला. बदल त्यानेही केला, पण कौंटीत आठवड्यामागून आठवडे रोज बोलिंग मिळत असताना केला. सीमारेषेवरून कुणीतरी "खांदा, खांदा!" ओरडलं म्हणून नव्हे.

म्हणून बाहेरून ॲक्शन दुरुस्त करू नका. फार तर व्हिडिओ काढा, तोही मुलाला विचारून. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो मोशन असतो. फोन कमरेच्या उंचीवर धरा, हलवू नका, झूम करू नका. एक क्लिप बाजूने, एक मागून. मग दोनच ठिकाणी थांबवा: मागचा पाय टेकला तिथे, आणि पुढचा पाय टेकला तिथे. मागून घेतलेल्या क्लिपमध्ये खांद्यांची रेघ आणि कमरेची रेघ बघा. दोन्ही एकाच दिशेला असतील, मग साइडऑन (बॅट्समनकडे बाजू) असोत की फ्रंटऑन (बॅट्समनकडे छाती), तर ठीक. कंबर बॅट्समनकडे उघडी आणि खांदे मात्र आडवे वळलेले, अशी खिचडी असेल तर तिला मिक्स्ड ॲक्शन म्हणतात आणि ती पाठीला वाईट. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत खांदे उलटे तीस अंशांहून जास्त वळत असतील तर क्लिप कोचला दाखवा, आणि गप्प बसा. फेसबुकवर टाकू नका.

पाठीचा विषय निघालाच आहे तर इथे दमाची चर्चा ताबडतोब बंद करायची असते. उजव्या हाताच्या फास्ट बोलरला कमरेत डावीकडे, खाली, एकाच जागी दुखत असेल, मागे वाकल्यावर वाढत असेल, तर ते "कसलेलं अंग आहे, होईल बरं" यातलं नव्हे. मणक्याला बारीक तडा असू शकतो. वीसच्या आसपासच्या पोरांत हे जास्त होतं. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर डेनिस लिली, त्याला १९७३ मध्ये झालं होतं. त्याच्याइतका कणखर माणूस आणा बघू. बुमराहच्या पाठीवर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. इंग्लंडच्या बोर्डाने एकोणीस वर्षांपर्यंतच्या फास्ट बोलरला एका स्पेलमध्ये सात आणि दिवसात अठरा ओव्हरची मर्यादा घालून दिली होती. आपल्याकडे कॉलेजचं पोर शनिवारी कॉलेजसाठी पंधरा टाकतं, रविवारी क्लबसाठी अठरा, मंगळवारी ऑफिस टीमला पाहुणा म्हणून दहा, आणि तिन्ही कॅप्टनना वाटतं की पोरगं ताजं आहे. तुमच्या चाळीस पानी वहीत शेवटच्या पानावर आठवड्याच्या ओव्हर लिहा, नेटसकट. बदलापूर ते चर्चगेट, दादरला गाडी बदलून, खांद्यावर किट अडकवून उभ्याने येणं त्यात धरलेलं नाही.

एवढं सगळं बघून झाल्यावर बोलायचं काय? मला वाटतं, फार कमी. एक लक्षात घ्या, ओव्हर संपली की फास्ट बोलर फाइन लेगला, म्हणजे सीमारेषेजवळ फील्डिंगला, जातो आणि पुष्कळ वेळा फाइन लेग तुमच्या तंबूसमोरच असतो. तुम्ही जे बोलता ते त्याला ऐकू येतं. सगळं. मी समोर बसलेली असते, मला त्याचे कान लाल झालेले दिसतात. तेव्हा तो तिथे आला की पाणी द्या. विचारायचंच असेल तर, "कुठल्या टोकाकडून बरं वाटतं रे?" एवढं विचारा. उत्तर देताना तो कुठे बघतो तेही बघा. आमचा खाली, डाव्या बुटाकडे बघतो.

गेल्या आठवड्यात लंचला त्यांचा कॅप्टन एक्स्ट्रा जुळवायला माझ्या टेबलापाशी आला. स्कोअररला मत नसतं, म्हणून मी काही बोलले नाही. फक्त माझी वही जुलैच्या पानावर उघडी ठेवली आणि डबा धुवायला गेले. परत आले तेव्हा कॅप्टन माळीकाकांशी बोलत होता आणि माळीकाका घमेलं आणि धुमस घेऊन खड्ड्याकडे निघाले होते.

दुपारी त्या मुलाने सहा ओव्हर टाकल्या. नो-बॉल दोन, वाइड चार, विकेट एक. खांदा अजून उघडतोय, असं काका म्हणाले.